अक्काचं नको आणि फोनमधला दुभाषी

अक्का, म्हणजे माझी थोरली बहीण, मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी शिंदखेड्याजवळच्या आपल्या गावाहून जळगावला माझ्याकडे आली, तेव्हा मी नुकतीच कृत्रिम बुद्धिमत्तेच्या नादाला लागले होते. जन्मभर शाळेत शिकवलं. निवृत्त झाल्यावर शिकवायला कोणी उरलं नाही, म्हणून स्वतःच फोनवर धडपडत शिकत होते आणि जे कळेल ते दिसेल त्याच्या गळी उतरवत होते. अक्का आयतीच हाती सापडली.

"याले कोनी शिकाडं?" तिचा पहिलाच प्रश्न. मी खूश झाले. तिला समजेल असं सांगितलं, की जगभरात माणसांनी लिहिलेलं भारंभार वाचून हे तयार झालंय. कुठल्या शब्दामागे कुठला शब्द यायला हवा याचा अंदाज बांधून ते बोलतं. बरोबर असेल तेव्हा झोकात बोलतं आणि चुकतं तेव्हाही त्याच झोकात, म्हणून औषधाचं डॉक्टरलाच विचारायचं आणि बँकेचं तर त्याच्याजवळ अवाक्षरही काढायचं नाही. फोटोंतली माणसं चेहऱ्यावरून वेगळी लावणारा, रस्त्यात गर्दी कुठे आहे ते सांगणारा तोही याच घराण्यातला, आपण त्याला नकळत कधीपासून वापरतोय, हेही सांगितलं.

अक्काने परीक्षा घ्यायची म्हणून भरताची कृती विचारली. त्याने वांगी भाजली इथपर्यंत ठीक होतं. पुढे टमाटा आणि गरम मसाला निघाल्यावर अक्काने कपाळाला हात लावला. मी म्हटलं, अगं, त्याने दुसऱ्या मुलखातलं भरीत जास्त वाचलं असेल. जळगावचं पाहिजे असं सांगितलंस तर सुधारेल. सांगितल्यावर खरंच सुधारलं, आणि तेव्हापासून अक्का त्याच्याशी माणसासारखी वागायला लागली. काही विचारण्याआधी "जेवन जयं का?" असायचंच. ते जेवत नाही म्हटलं, तर म्हणाली, "इचाराले काय जास?"

पण अक्काला हे सगळं शिकायचं होतं ते वेगळ्याच कारणासाठी. तिचा नातू कोइमतूरला नोकरीला, तिथलीच मुलगी त्याने केली. लग्नात नातसून आणि आजेसासू एकमेकींकडे बघून हसल्या, तेवढाच दोघींचा संवाद. आता त्या पोरीला दिवस गेले होते आणि दोघं अक्काला भेटायला माझ्याकडे यायचे होते. बाळ झालं की आपण तिथे जाऊन राहावं, त्याला न्हाऊ घालावं, असं अक्काच्या फार मनात होतं. पण नातू बोलावेल त्यावर जाणारी ती नव्हे. "घर तिनं शे. तिनी तोंडवरी बलावं तं जासू," असं तिने मला बजावून ठेवलं होतं.

म्हणून मी तिला फोनचा दुभाषी करायला शिकवलं. आपण मराठी बोलायचं, तो तमिळ बोलेल, आणि उलट. तिच्या अहिराणीवर तो अडखळत होता, म्हणून अक्काने आपली दवाखान्यातली मराठी बाहेर काढली. डॉक्टरसमोर बोलायची ती, जरा ताठ, परीटघडीची. सराव म्हणून माझ्याशीही तशीच बोलायची आणि मला उगाच माझा ताप तपासला जातोय असं वाटायचं.

दोघं आले. फोन मधे ठेवून अक्का आणि ती पोरगी अशा काही गप्पा मारायला लागल्या, की नातवाला कोणी विचारेना. झोप लागते का, आंबट खावंसं वाटतं का, तिकडे भाकरी मिळते का. मला इतका आनंद झाला की सगळं यंत्र मीच तयार केल्यासारखी मी घरात मिरवत होते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळची त्यांची गाडी होती. सकाळी मी नातवाला घेऊन बाजारात गेले आणि परत येऊन बघते तर घर गप्प. नातसून बॅग भरत होती. अक्का स्वयंपाकघरात शेंगा निवडत बसली होती, निवडलेल्याच शेंगा पुन्हा निवडत.

"बलावं तिनी," ती हळूच म्हणाली.

"मग? झालं की तुझ्या मनासारखं!"

"मी नको सांगं. तं तिनी परत इचारंच नई."

मला सगळं डोळ्यांपुढे आलं. ती म्हणाली असणार, आजी, बाळ झाल्यावर आमच्याकडे राहायला याल का? आणि अक्का आपल्या रीतीप्रमाणे म्हणाली असणार, नको गं बाई, माझी कशाला अडचण. आपल्याकडे पहिल्या बोलावण्याला कोणी हो म्हणतं का? पाहुण्याने नको म्हणायचं, घरच्याने पुन्हा म्हणायचं, पुन्हा नको, मग हाताला धरून. फोनने बिचाऱ्याने इमानेइतबारे भाषांतर केलं. नको म्हणजे नको.

मला हसू आवरेना. पण अक्काचे डोळे भरले, आणि नुकतंच ऑपरेशन झालेला डोळा तो, मी घाबरलेच. मी सांगते तिला, म्हटलं.

"तू सांगशी तं मांगी लिधं असं व्हई!" मागून घेतलेलं बोलावणं तिला चालणार नव्हतं.

"मग तूच सांग. फोनला शब्द कळला, अक्का, रीत कळली नाही. ती तू त्याला सांगितलीच नव्हतीस."

"हाई पयले सांगनं व्हतं ना तू!" अक्का माझ्यावर खेकसली. बरोबरच होतं. धड्यातला एवढा महत्त्वाचा मुद्दा बाई विसरल्या होत्या.

ती उठली, पदर सारखा केला आणि बाहेर जाऊन नातसुनेसमोर बसली. फोन हातात धरला. सत्तरी ओलांडलेल्या या बाईने आयुष्यात कोणाजवळ काही सरळ मागितलं नव्हतं, माहेरीसुद्धा नाही. मी दारातच थांबले.

"मी नको म्हटलं ते खरं नव्हतं," ती दवाखान्यातल्या मराठीत म्हणाली. "आमच्यात पहिल्यांदा नको म्हणतात. मला यायचं आहे. मला न्या."

फोन तमिळमध्ये बोलला. नातसुनेने आधी अक्काकडे पाहिलं, मग दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मला वाटलं रडते. ती हसत होती, रडतही होती, आणि घाईघाईने काहीतरी सांगत होती. फोन नेहमीच्या शांत आवाजात म्हणाला, "आमच्यातही असंच आहे. आजी नक्की याच. मी काल जेवताना दुसऱ्या पोळीला नको म्हटलं, आणि कोणी पुन्हा विचारलंच नाही. मला खूप भूक लागली आहे."

अक्काने फोन माझ्या हातात कोंबला, आत जाऊन पोळ्यांचा डबा आणि ताट घेऊन आली आणि वाढायला बसली. पोरगी हात आडवा धरून काहीतरी म्हणत होती. ते नकोच असणार. अक्काने तो हात बाजूला केला आणि आणखी एक पोळी वाढली.