भिंतीची मीटिंग, सकाळी अकरा

मिनिट्समध्ये लिहिलं होतं, ‘नागरिकांनी भिंतीस एकमताने संमती दिली.’ वाचून माझं डोकंच फिरलं. त्या मीटिंगला मी होते. वस्तीतलं एकही माणूस आलं नव्हतं.

“येत नाहीत, त्याला आपण काय करणार?” साहेब म्हणाले. “नोटीस लावली होती. सकाळी अकरा.”

शिरूरच्या या ओढ्याकाठच्या वस्तीतल्या बायका सातलाच मार्केट यार्डात कांदा निवडायला जातात. पुरुष बिगारी कामावर. अकराला वस्तीत असणार कोण, कोंबड्या?

पुरावरचे उपाय डिझाइन करणं हे माझं काम. ओढ्याचे काठ उतरते करायचे, त्यावर वाळ्याचं गवत आणि करंज लावायचे, खोलगट जागा मोकळी ठेवून पाणी तिथं मुरू द्यायचं. साहेबांना मात्र घोडनदीच्या बाजूनं काँक्रीटची भिंत हवी होती. भिंत फोटोत दिसते, गवत दिसत नाही.

यार्ड बंद होता त्या दिवशी मी वस्तीत गेले. सोजरबाईंनी मला दाराशेजारच्या गेरूच्या रेघा दाखवल्या. पूर ओसरला की इथं प्रत्येक घर भिंतीवर पाण्याच्या उंचीला रेघ ओढतं. मी टेप लावला. नदीकडच्या घरांत रेघ गुडघ्याएवढी, मागच्या घरांत छातीएवढी. पाणी नदीचं असतं तर उलटं दिसलं असतं.

“नदी न्हाई ओ मॅडम,” सोजरबाई म्हणाल्या. “मागं वढा बुजवून मंगल कार्यालयाचं पार्किंग केलंय. पानी तिथं तुंबतं आन् आमच्यात शिरतं. आता म्होरं भिंत घातली तर त्यानं जायचं कुठनं? सासू माझी अंथरुणावर हाय. तिला किती येळा फळीवर चढवू मी?”

चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि त्यात माझाही हात. माझ्या सर्व्हेत ते पार्किंग ‘मोकळी जागा’ म्हणून दाखवलं होतं. स्वतःचाच संताप आला.

“मीटिंग परत घ्या,” मी साहेबांना सांगितलं. “यार्डात, बायकांच्या जेवणाच्या सुट्टीत.”

“यार्डात कुठं मीटिंग असते का?”

“मग भिंतीच्या ड्रॉइंगवर माझी सही मिळणार नाही.”

साहेब कांद्याच्या ढिगाशेजारी नाकाला रुमाल लावून बसले. बायका भाकरी खाता खाता बोलल्या. सोजरबाईंनी विचारलं, “साहेब, तुमच्या घरात कवा पानी शिरलंय का?” साहेबांनी घाईघाईनं चहा मागवला.

भिंत रद्द झाली. पार्किंग उकरायला मात्र आणखी एक पावसाळा भांडावं लागलं, आणि त्या पावसाळ्यात सासूबाई पुन्हा फळीवर गेल्या. त्याचा राग अजून गेलेला नाही. आता ओढा मोकळा आहे, काठावर वाळा धरलाय. यंदा पाणी सोजरबाईंच्या ओट्याला लागून परत गेलं. दाराशेजारी नवी रेघ नाही.

हल्ली मी नकाशा मागण्याआधी वस्तीच्या कामाच्या वेळा विचारते. साहेब अजून विचारत नाहीत. परवा लोकार्पणाची पत्रिका आली. वर मोठ्या अक्षरात, ‘नागरिकांच्या सहभागातून साकारलेला प्रकल्प.’ खाली वेळ, सकाळी अकरा.