बंडू कोणाबरोबर चालत होता?

आधीच सांगते, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारी बाई नाही. लॅब टेक्निशियन आहे. रिपोर्टमध्ये येतं तेवढंच खरं, असा माझा खाक्या. रस्त्यात उतारा दिसला की मैत्रिणी वळसा घालतात, मी सरळ ओलांडून जाते. तरी हे लिहितेय... कारण आईला सांगता येत नाही.

कोपरचा जुना फ्लॅट विकून आम्ही शीळफाट्याजवळ, डोंगराच्या पायथ्याशी नव्या बिल्डिंगमध्ये राहायला आलो. मी, आई, बाबा आणि आमचा कुत्रा बंडू. बिल्डिंगमागून पायवाट वर जाते, दहा मिनिटांवर छोटा तलाव आहे. त्याला चक्कर मारून परत यायला अर्धा तास पुरे. बाबा रोज सकाळी बंडूला तिथे न्यायचे. पुढे बाबांना विसर पडायला लागला, आणि बंडूच त्यांना नेऊ-आणू लागला. पट्ट्याचं दुसरं टोक मी स्वतः बाबांच्या मनगटाला बांधायचे.

"अगं, मला बांधतेस की त्याला?"

"तुम्हालाच. तो शहाणा आहे."

मागच्या वर्षी एका सकाळी बंडू एकटाच परत आला. पट्टा मागे फरफटत होता. मनगटाची गाठ तशीच, न सुटलेली. तलावात माणसं उतरवली, रान पालथं घातलं. कोपरच्या जुन्या सोसायटीत, कल्याण स्टेशनात फोटो दाखवत फिरले... काही नाही. कुत्र्याच्या भरवशावर बापाला डोंगरावर पाठवणारी मीच. शेजारी तोंडावर बोलले नाहीत, पण मला कळायचं ते कळलं.

तेव्हापासून बंडूला मी नेते. माझ्याबरोबर तो कधी नीट चालला नाही. ओढायचा, हुंगायचा, झुडपात शिरायचा. बाबांना शोधायचा. घरी आलो की आई दारातच विचारायची, "काही दिसलं का गं?"

गेल्या महिन्यातली गोष्ट. सकाळचे साडेसात, स्वच्छ ऊन. तलावाच्या वळणावर बंडू एकदम थांबला. माझ्या डाव्या बाजूला, माणसाच्या तोंडाच्या उंचीवर त्याने मान वर करून पाहिलं आणि शेपूट हलवली. तिथे कोणीही नव्हतं. मग तो चालायला लागला — दहा पावलं, थांबला. पुन्हा दहा पावलं, थांबला. बाबांचा गुडघा गेलेला, ते असेच चालायचे. माझ्या आणि त्याच्यामध्ये एक माणूस मावेल एवढी जागा सोडून तो चालत होता. वाटेत मोठा दगड आला तेव्हा त्या जागेपुढे त्याने अंग आडवं घातलं. बाबांना ठेच लागू नये म्हणून घालायचा, अगदी तसंच.

"बाबा?" मी हाक मारली. खोटं कशाला बोलू, आनंद झाला होता मला. आणि मग लक्षात आलं... बाबा जिवंत असते तर असे, न दिसता, इथे कशाला चालले असते? मी तिथेच खाली बसून रडले. पोलिसांनी समजावलं, नातेवाइकांनी समजावलं, तरी इतके महिने आशा सुटली नव्हती. ती त्या उन्हात सुटली.

सवयीने चालला असेल, असं तुम्ही म्हणाल. मीही म्हणते. मग इतके महिने ती सवय कुठे गेली होती?

दुसऱ्या दिवशी मी पट्टा हातात घेतला तर बंडू उठलाच नाही. आता तो खाली गेटपर्यंत येतो आणि परत फिरतो. डोंगराकडे बघतसुद्धा नाही.

बाबांचे विधी करून टाका म्हणणाऱ्यांना आईने आजवर दारातूनच परत पाठवलंय. तिने चार दिवस हे सगळं पाहिलं. पाचव्या दिवशी म्हणाली, "हा शोधायचा का थांबला गं?"

"पाय दुखतोय त्याचा," मी म्हटलं.

आई बंडूजवळ जमिनीवर बसली आणि त्याचे चारही पाय एकेक करून दाबून पाहिले. तो कुठेच कळवळला नाही.