सोजरआक्काची कमान

सोजरआक्का काल सकाळी गेली. आज सकाळी गावानं तिच्या दारापुढं कचरा आणून ओतला.

उद्या मोठे साहेब सांत्वनाला येणार आहेत; वस्तीत नाही, चौकातल्या सभेला. मग मेन रोड चकाचक नको का?

चौकात फ्लेक्स लागलाय. ‘स्वच्छतेची माऊली हरपली.’
आक्काचा फोटो पोस्टाच्या तिकिटाएवढा. लावणाऱ्याचा, गॉगलसकट, दरवाजाएवढा.

हा लावणारा आमच्या सोसायटीच्या जुन्या चेअरमनचा नातू. खाण तशी माती.

नव्या पोरांना मागची गोष्ट ठाऊक नाही, म्हणून लिहितोय.

आमच्या बापजाद्यांनी पिढ्यान् पिढ्या गावाचा केर काढला, मेलेली ढोरं ओढली. छप्पन्न साली आम्ही बौद्ध झालो आणि ते काम सोडलं.
गावाला ते काही पचलं नाही. खराटा धरायची तर लाज वाटायची, घाण करायची तेवढी नाही.
मग गावानं शक्कल काढली. हे केराकडं येत नाहीत ना? मग केर यांच्याकडं न्या!

बहात्तरच्या दुष्काळातलं सांगतोय. गावातल्या विहिरी खडखडीत. आमच्या वस्तीपुढच्या मोकळ्या जागेत एक आड होता, त्याला तेवढं तळाला पाणी. त्यावर सगळी वस्ती जगत होती.

त्यात सोसायटीच्या नव्या गोदामाचं उद्घाटन निघालं. मंत्री येणार!
माणसं सुकडी खाऊन दिवस काढत होती, आणि चेअरमनला काळजी पडली रस्त्यावरच्या पत्रावळ्यांची.
त्यांच्या ट्रॅक्टरनं गावभरचा केर उचलला. गटारातला गाळ, चिंध्या, बिड्यांची थोटकं, मेलेल्या घुशी. सगळं आमच्या आडाच्या काठावर.
वारं सुटलं, की निम्मं आडात.

आक्का खडी फोडायच्या कामावरून आली, ते बघितलं, आणि तशीच चेअरमनच्या ओसरीपुढं जाऊन उभी राहिली. मी मागं होतो.

“मालक, आमी प्यायचं काय?”

चेअरमन पान लावत होते. “सोजर, चार दिवस कळ काढ की गं. आन् तुमच्याकडं जागा लई मोकळी हाय.”

“व्हय, मोकळी हाय. लेकरं खेळत्यात तिथं. तुमच्या ओसरीवर बी जागा लई हाय की.”

ओसरीवरचे चारपाच चमचे फिदीफिदी हसले. शिकलीसवरली माणसं होती ती, बरं का. एक तर म्हणला, “उकिरड्याला उकिरड्याचीच सोबत.”

आक्का माघारी फिरली. वाटेत मला म्हणाली, “भाऊ, बांबू कुठं मिळतील रं?”

मंत्र्याची गाडी येडशीकडनं येणार होती. त्या वाटेवर आमच्या वस्तीचं वळण आधी लागतं, गोदामाचं मागनं.
आणि बाहेरगावच्या ड्रायव्हरला काय कळतं? जिथं कमान, तिथं वळायचं.

आक्कानं वस्तीच्या तोंडाशी कमान उभी केली. आंब्याचा डहाळा कुठला मिळायला, कडुलिंबाचाच बांधला. वर तिचं एकुलतं एक धडकं हिरवं लुगडं. पुठ्ठ्यावर ‘सुस्वागतम’ मी लिहिलं.
बायकांनी ढिगाऱ्याभोवती रांगोळी काढली. फर्मास!

गाडी आली, कमान बघितली, वळली. थेट ढिगाऱ्यापुढं थांबली.
मंत्री उतरले. एक पाय बाहेर, एक आत. नाकाला रुमाल.

आक्का तांब्या घेऊन पुढं. “लांबनं आलाव साहेब. पाणी घ्या.”

मंत्र्यांनी तांब्यात बघितलं. वर बिडीचं थोटूक तरंगत होतं.

“हे काय बाई?”

“आमच्या आडाचं पाणी. तुमी येणार म्हून गाव झाडलं, आन् झाडून आमाला पाजलं.”

तेवढ्यात चेअरमन धोतराचा सोगा धरून पळत आले. घामाघूम. हार हातातच.

आक्का म्हणाली, “बरं झालं, हार आणलाव. घाला की मालक. साहेबाला घालताव का ढिगाऱ्याला?”

आम्ही हसलो. पहिल्यांदाच त्यांच्या तोंडावर हसलो.

दिवस मावळायच्या आत त्याच ट्रॅक्टरनं ढीग उचलून गावाबाहेर नेला. आड आम्हीच उपसला.
पण चेअरमनला ते झोंबलं. मुकादमानं आक्काला कामावर घेणं बंद केलं. मी चिडलो, तर मलाच म्हणाली, “पोटाला चिमटा बसतोय रं. पर घोट तर सोच्छ हाय.”

पुढं आक्का म्हातारी होईस्तोवर रोज त्या जागेत खराटा फिरवायची. आणि गाव तिच्या देखत पुड्या फेकत जायचं. वर “मावशी, छान काम करताय!” असं म्हणायला लाजायचं नाही.
टाळ्या वाजवायला हजार, वाकायला एक नाही. आता तेच स्टेटस ठेवतायत.

आज दुपारी आक्काची लेक माझ्याकडं आली. रडून डोळे सुजलेले. म्हणाली, “मामा, आयची कमान करायची का?”

केली.
वस्तीच्या तोंडाशी बांबू उभे आहेत. कडुलिंब बांधलाय. लुगडं आता नाही, म्हणून चौकातला तो फ्लेक्सच उतरवून वर लावलाय, गॉगलसकट. साहेबांच्या ड्रायव्हरला चुकायचं कारणच ठेवलं नाही.
आडावर आता जाळी आहे, मोटार आहे. पण पाणी तेच.

लेकीनं तांब्या घासून ठेवलाय.

आक्का, तू निवांत जा. उद्याचं आम्ही बघतो.

जय भीम.