गाळलेले पाणी आणि धूमकेतू

मंडळातील आकाशप्रेमींनो, आज दुपारचा अनुभव आपल्या फळ्यावर लिहितो आहे.

अंगणातल्या दुर्बिणीतून टिपलेल्या धूमकेतूची फिल्म धुवायची होती. टँकर आला नव्हता. विहिरीच्या तळचे गढूळ पाणी सोवळ्याच्या उपरण्यातून गाळून मी त्यात गंगेचे आवाहन केले. आमच्या सौ. म्हणाल्या, "देवाला चालतं, मग फिल्मला का न्हाय चालायचं?" मलाही तसेच वाटले.

वाळलेल्या फिल्मवर सर्वत्र गाळाचे कण चिकटले होते. शेजारच्या भीमरावांनी ती उजेडात धरली. "काका, तारे तर लई झाले. तुमचा धूमकेतू कुठला?" मी भिंग लावून शोधला, पण तो गाळाच्या कणांतून वेगळा ओळखता येईना.

धूमकेतू आता दिसेनासा झाला आहे. तो परतेल तेव्हा मी नसेन.

पवित्र आणि स्वच्छ यांतला भेद आपणांस कधी कळला? मला आज कळला, आणि त्याचा उपयोग उरलेला नाही.