रिकामा राहिलेला रकाना

तुमच्या घरच्या बाळंतपणाला जो तरुण डॉक्टर उभा राहतो, त्याचे हात चालतात की नाही, हे कधी कुणी पाहिलं आहे का? त्याने किती महिने भरले ते सांगू नका. हात कुणी पाहिले, ते सांगा.

ताराआत्या गेल्याचा निरोप जुनी इंदूर मोहल्ल्यातल्या आमच्या घरी आला तेव्हा मी नेहमीप्रमाणे एका मोर्चाच्या पत्रकाची प्रुफं तपासत होते. पाच आठवडे झाले. ते पत्रक तसंच पडून आहे...

वडिलांची ही धाकटी बहीण इथल्या एका इस्पितळात बाळंतपणाच्या विभागाची प्रमुख होती. नवे हाउस सर्जन सहा महिने तिच्या हाताखाली शिकत. महिने भरले की दाखला, ही रीत. आत्याने ती मोडली. तिने प्रत्येकाच्या नावाची वही उघडली. हाताला यायलाच हवीत अशी कामं एकाखाली एक, आणि प्रत्येकापुढे दोन सह्या: आधी वॉर्डातल्या लीला सिस्टरची, मग तिची. सिस्टरची सही पडल्याशिवाय आत्या पेनाचं टोपण काढत नसे. डॉक्टरांना झोंबलं ते हेच. आम्हाला नर्सने पास करायचं?

माझा भाऊ माधव त्यांच्यातलाच. सहा महिने सरले तरी त्याचं एक काम सहीवाचून राहिलं होतं: जन्मून न रडणाऱ्या बाळाला श्वास देणं.

"आत्या, घरच्या माणसाला तरी..."

"घरचा आहेस म्हणून सांगते, घाबरतोस आणि जोरात फुंकतोस. अजून महिनाभर थांब."

मी पेटले. 'राबलेल्या महिन्यांचा दाखला हा आमचा हक्क!' असं पत्रक लिहिलं आणि इस्पितळाच्या फाटकावर उभं राहून वाटलं. आत्याने एक प्रत घेतली, उभ्याउभ्याच वाचली. "भाषा फक्कड आहे गं. पण यात बाळ कुठाय?" मी हसले होते. पुढे इस्पितळाच्या समितीने वही बंद केली. आम्ही जिंकलो.

माधव दाखला घेऊन देपालपूरला नोकरीवर गेला. दुसऱ्याच महिन्यात एक बाळ रडलं नाही. शेवटपर्यंत नाही. तो सांगायला आला तेव्हा आत्याने त्याच्यापुढे पाणी ठेवलं. "कदाचित माझ्या हातूनही वाचलं नसतं, बेटा."

"पण वाचण्यासारखं होतं की नाही, ते तुला कळलं असतं. मला कळलंच नाही."

मी दारात उभी होते. माझ्याकडे दोघांनीही पाहिलं नाही.

त्यानंतर दर रविवारी तो बसने येऊन तिच्या वॉर्डात उभा राहायचा. "लो भिया, आले आमचे बडे डॉक्टरसाब!" सिस्टर म्हणायची. "चला, पहले हात धुवा." एका रविवारी जन्मून न रडलेलं एक बाळ त्याच्या हातात रडलं. आत्या तापाने घरी पडून होती. सिस्टर त्याची जुनी वही घेऊन तिच्या घरी आली.

"बाईजी, मी पाहिलं ना. करा सही."

"तू पाहिलंस. मी कुठे पाहिलं? पुढच्या रविवारी बघू."

तो रविवार तिला मिळाला नाही.

वही आता माझ्या टेबलावर आहे. सिस्टरची सही आहे, शेजारचा रकाना कोरा. तिथे दुसऱ्या कुणाची सही माधवला नको आहे. घोषणा लिहायचं बळ माझ्यात उरलेलं नाही, म्हणून साधंच मागते. या आठवड्यात त्या समितीला एक पोस्टकार्ड टाका: वही पुन्हा सुरू करा. आणि खाली एक ओळ जोडा, की पहिली सही सिस्टरचीच राहू द्या.