निजलेली जमीन

मुलांनो, माझा पुस्तक म्हणून छापलेला प्रबंध तुम्हाला तिकडच्या ग्रंथालयात सापडला आणि तुम्ही कौतुकाने फोटो पाठवलात. म्हणून आजच लिहायला बसले आहे. त्या पुस्तकातला एक शब्द खोटा आहे आणि तो मी लिहिला आहे.

शेतकऱ्यांच्या आठवणी आणि सरकारी दप्तर ताडून पाहणं, हेच माझं आयुष्यभराचं काम. त्यासाठी मी वसईच्या खाडीकाठी भात पिकवणाऱ्या एका काकूंकडे दोन वर्षं जात होते. बांध फुटून त्यांच्या शेतात खारं पाणी शिरलं होतं. असं शेत काही वर्षं पेरत नाहीत, पावसाने मीठ धुऊन जाऊ देतात. बांधावर मात्र दरवर्षी चिखल थापतात. मी विचारलं, जमीन पडीक आहे का? काकू भडकल्या.

"पडीक तुजा बापूस. निजलीय ती, बाय. पानी गोड झालं का उठंल."

मी तसंच लिहिलं. माझ्या मार्गदर्शकांनी ते लाल शाईने खोडलं. ही कविता झाली, दप्तरात आहे ते लिहा, म्हणाले. दप्तरात 'पडीक' होतं. मला पदवी हवी होती.

पुढे ती जमीन उठली, पिकली, बांध फुटल्यावर पुन्हा निजली. दप्तरात पडीकच राहिली. आता पडीक म्हणूनच ती गोदामांसाठी घ्यायचं चाललं आहे. मागच्या महिन्यात सुनावणीला काकूंच्या सुनेने मला साक्षीला नेलं, तर सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी पुरावा म्हणून माझंच पुस्तक काढलं. ती चूक माझी आहे, काकूंनी असं कधीच म्हटलं नव्हतं, हे मी उभं राहून सांगितलं.

साहेब हसले. "मॅडम, हे तुम्हाला आठवतंय. ते छापलेलं आहे."

आठवण हाही पुरावा असतो, हे मी जन्मभर वर्गात शिकवलं. तिथे माझी आठवण कुणी टिपूनसुद्धा घेतली नाही. दप्तरात पडीक लिहिणाऱ्याने त्या चिखलात एकदा तरी पाय घातला होता का?

रिक्षात बसल्यावर सून म्हणाली, "सासूबाईंनी तुमचं पुस्तक देवापाशी ठेवलेलं. वाटलं, त्यात आमचं म्हननं आहे."

मी लेखी जबाब देऊन पोच घेतली आहे. निकाल लागलेला नाही. बांध उभा आहे, आणि त्याच्या आतल्या दोन खाचरांत यंदा भात झालं.