अजून कच्ची आहे

आमच्या वायनरीत किस्से फार साठतात, कारण माल हलत नाही. गिऱ्हाईक येतं, त्याला बाटली मिळत नाही, मग ते तासभर वाद घालतं. आमची द्राक्षं सिरा जातीची. त्यांची वाइन कोवळी असताना जिभेला टोचते, मुरली की सुंदर होते. म्हणून आबांचा, म्हणजे माझ्या आजोबांचा, नियम होता: दहा वर्षं बाटली विकायची नाही. अख्खं बालाघाट त्यांना वेडं म्हणायचं. म्हणू दे!

*

आबा सरकारी नोकरीतून रिटायर झाले आणि लालबर्रा रोडवरच्या मुरमाड जमिनीत त्यांनी वेली लावल्या. आजूबाजूला सगळा धान. शेजारच्या काकांना त्या कोरड्या वेलींची फार दया यायची. आम्ही लग्नाला लांजीला गेलो होतो, तेवढ्यात त्यांनी मोटर लावून आमच्या मळ्यात पाणी सोडलं. येऊन पाहतो तर द्राक्षं गुडघाभर पाण्यात! आबा पँट दुमडून दिवसभर चर खणत होते. उपकार केले तरी तोंड वाकडं, म्हणून काका रुसले.

"भाऊ, तुह्या धानाले पाणी पाहिजे," आबा म्हणाले, "माह्या वेलीले तहान पाहिजे."

काका अजूनही मळ्याकडे पाहून मान हलवतात.

*

एकदा तपासणीला एक्साइजचे साहेब आले. तळघरातल्या थप्प्या पाहून म्हणाले, माल खपत नाही वाटतं. बाबा म्हणाले, खपेल, अजून कच्चा आहे. कधी तयार होणार, साहेबांनी विचारलं.

"तुमची बदली झाल्यावर."

साहेब हसले नाहीत. तपासणी संध्याकाळपर्यंत चालली.

*

मला पाहायला मलाजखंडहून स्थळ आलं. मुलगा इंजिनियर, घरात सगळे खूश. आबांनी पहिल्या तोडणीची बाटली उघडली. मुलाच्या मामांनी ग्लासात बर्फ टाकला आणि वर सोडा मागितला. आबांनी त्यांच्या हातातून ग्लास काढून घेतला आणि आतून लिंबाचं सरबत मागवलं!

स्थळ गेलं. आई कितीतरी दिवस आबांशी बोलली नाही. आबांनी मला हळूच विचारलं, वाईट वाटलं का?

"बर्फ टाकला तवाच माह्यं ठरलं होतं," मी म्हटलं.

*

नागपूरचा एक हॉटेलवाला दर हंगामात यायचा. सगळा माल घेतो म्हणायचा, पण आत्ता, कोवळाच. लागोपाठ दोन हंगाम गारपिटीत गेले, तेव्हा बाबाही डळमळले. आबा हलले नाहीत. मग आबा गेले.

हा गृहस्थ तेरवीला आला. हळहळला, पोटभर जेवला आणि बाबांना बाजूला घेऊन म्हणाला, "अब तो रोकने वाला कोई नहीं, बाबूजी. दे दो माल."

बाबा त्याला तळघरात घेऊन गेले. मी मागोमाग. आमच्याकडे प्रत्येक थप्पीसमोर पाटी असते. त्या थप्पीतली बाटली कोणत्या वर्षी उघडायची, ते घरातलं मोठं माणूस खडूनं लिहितं. आबांच्या शेवटच्या तोडणीच्या पाटीवर त्यांचं थरथरतं अक्षर होतं. बाबांनी खांद्यावरच्या दुपट्ट्यानं ते पुसून टाकलं. विकलं यांनी सगळं!

बाबांनी खडू उचलला आणि माझ्याकडे पाहिलं. "सांग, कोणतं वर्ष लिहू?"

मी आबांच्या वर्षात आणखी पंधरा मिळवून सांगितलं. बाबांनी ठळक अक्षरात लिहिलं. हॉटेलवाला बोटांवर हिशेब करत राहिला.

"बाबूजी, तब तक तो आप..."

"हौ," बाबा म्हणाले. "म्हणून तं हिले विचारलं."